पळसपानाचं ठिगळ



या अंकाच्या मधल्या पानावर पळसाच्या पानाची आकृती पाहून तुमच्यापैकी काहीजणी बुचकळ्यात पडतील. आमच्या बैठकीतही एका कार्यकर्तीनं थेट विचारलं, ‘आपण पुन्हा बायकांच्या हातात सुईच देणार का?’ प्रश्न रास्त आहे. बायकांसाठी काही करायचं म्हटलं की सरकारला आणि संस्थांना वर्षानुवर्षं शिवणाचं मशीन तेवढं सुचत आलं. मशीन वाटपाचा फोटो निघायचा, पुढे ते मशीन कोपऱ्यात धूळ खायचं. त्यावर टीका आपणच केली आहे आणि ती आजही मागे घेण्याचं कारण नाही.

तरीही हे पान छापतो आहोत, आणि त्याचं कारण मानोऱ्यात घडलं. तिथे कायद्याची बैठक बोलावली तेव्हा तीनच बाया आल्या. ‘गोधडीच्या शिवणाला या’ असा निरोप धाडला तेव्हा वाड्यावस्तीवरच्या आणि तांड्यावरच्याही आल्या, काही तर सासूला सोबत घेऊन. शिवणाला जाते म्हटलं की घरचे अडवत नाहीत. चिली देशात १९७३ साली लष्करानं सत्ता बळकावल्यावर ज्यांची मुलं, नवरे बेपत्ता झाले त्या बायका चर्चच्या आसऱ्यानं जमायच्या आणि चिंध्यांची ठिगळं जोडून आपल्यावर गुदरलेलं कापडावर मांडायच्या. सुईदोऱ्याकडे कोणी संशयानं पाहत नाही, हे त्यांनीही ओळखलं होतं.

आता ठिगळाबद्दल. पळस निवडला तो मुद्दाम. आपल्याकडे ‘पळसाला पानं तीनच’ म्हणतात, कुठंही जा, तीच गत. (बायकांच्या बाबतीत ही म्हण कोणाला पुराव्यानिशी समजावून सांगावी लागत नाही.) शिवाय पळसाची पानं काडीनं टाचून पत्रावळी लावलेल्या बाया इथं घरोघरी आहेत. पान जोडणं त्यांना नवं नाही.

पहिल्या दिवशी मी कागदावर इंचात मापं काढून नेली होती. एक आजी म्हणाल्या, ‘ताई, इंच रायू द्या, बोटं सांगा.’ मग सगळी मापं बोटांत केली. तळाला फिक्या सुती कापडाचा वीतभर चौकोन घ्यायचा, जोडणीसाठी चहूबाजूंनी बोटभर कापड जास्त ठेवायचं. पानांसाठी गडद रंगाचे तीन तुकडे. तुकडा मधोमध दुमडून अर्धं पान कापलं की दोन्ही बाजू सारख्या येतात. मधलं पान पाच बोटं लांब, बाजूची दोन चार-चार बोटं. कापताना कडेला गव्हाच्या दाण्याएवढं कापड जास्त सोडायचं, कारण तेवढीच कड आत दुमडायची आहे. पळसपान गोलसर असतं, तिथं नवशिकी अडते. कडेकडेनं कच्चा धावदोरा घालून हलकेच ओढला तर गोलाई आपोआप वळते. नखानं दाबून घडी बसवायची. आधी बाजूची दोन पानं समोरासमोर, मग वर मधलं, असं टाचून बारीक टाक्यांनी कड तळाला शिवायची. देठ साखळी टाक्याचा. शिरा आत्ता काढू नका. चौकोन जोडून, खाली अस्तराचे थर घालून गोधडी भरायला घ्याल तेव्हा धावदोराच पानावर शिरा काढील.

कापड मात्र सुतीच हवं. पॉलिस्टरवर नखाची घडी बसत नाही, कड सुटते. आणि इथंच आम्ही अडखळलो. कापूस पिकवणाऱ्या या मुलुखात घरात जुनं सुती लुगडं शोधावं लागलं. धुवायला सोपी, स्वस्त म्हणून आलेल्या सिंथेटिक साड्यांनीच पेट्या भरलेल्या. शेवटी पोहरादेवीकडच्या तांड्यावरच्या बायांनी जुन्या फेटियांचे तुकडे आणले आणि काम पुढं सरकलं.

गोधड्या तयार झाल्या आणि खरा प्रश्न उभा राहिला. एका गिऱ्हाइकानं दिलेला भाव ऐकून बाया खूश झाल्या. ‘रिकाम्या वेळात तर केलं,’ असं त्याच म्हणाल्या. रिकामा वेळ! २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ८८, असं दिसलं. त्यातून उरलेल्या वेळाला रिकामा कोण म्हणतं? हिशोब मांडून पाहू. रोज तीन तास बसून वीस दिवसांत गोधडी झाली, तर साठ तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर साडेसात दिवस. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली ३१२ रुपये होती. त्या दरानं नुसती मजुरी २,३४० रुपये होते, आणि यात कापड-दोरा धरलेला नाही, कसब तर नाहीच. मिळालेला भाव याच्या जवळपासही नव्हता. दोष एकट्या गिऱ्हाइकाचा नाही. आम्ही तरी भाव ठरवण्याआधी तास कुठं मोजले होते?

घरी बसून दुसऱ्यासाठी काम करणारी ही कामगारच आहे, हे मान्य करणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९९६ साली झाला. त्यासाठी ‘सेवा’ संस्थेच्या बायांनी अहमदाबादहून जोर लावला होता. भारतानं त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. शेजारच्या कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या तांड्यांवरचं कसब त्याच गोताचं, पण त्याला ना नाव ना दर.

म्हणून गटांना एक विनंती आहे. प्रत्येक गटानं पळसपानाचा निदान एक चौकोन शिवून आमच्याकडे पाठवावा. मागच्या बाजूला शिवणारीचं नाव आणि लागलेले तास दोऱ्यानं काढावेत. जिला अक्षर येत नाही तिनं तासाला एक टाका घालावा. सगळे चौकोन जोडून एक मोठी गोधडी करू आणि ती अशी टांगू की मागची बाजूही दिसेल. किमान वेतनाची मागणी घेऊन जाऊ तेव्हा ती सोबत नेऊ. नाव घालायचं की नाही हे मात्र त्या बाईनं ठरवावं, घरच्यांच्या भीतीनं कोणी नको म्हणाली तर आग्रह धरू नये.

चौकोन पाठवण्याआधी कापडाचा रंग ओल्या फडक्यानं घासून पाहा. एकाचा रंग सुटला तर शेजारचे चारही खराब होतात.