थर गेला, तेल कुठे गेले?

हॉटेलच्या मागच्या ग्रीस ट्रॅपचे झाकण उचलले की वर पांढरट घट्ट थर, खाली करडे पाणी आणि नाकात शिरणारा आंबूस वास; आपल्या धंद्यात हे रोजचेच. बायोकल्चरची पुडी टाका, आठवड्यात थर जाईल, असे विक्रेते सांगतात. थर जातोही. तेलाबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

जिवाणूंच्या कुवतीबद्दल शंका नाही. बॅसिलस, स्यूडोमोनास, अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांच्या कितीतरी जाती लायपेज सोडतात. हे विकर तेलाच्या रेणूपासून ग्लिसरॉल आणि तीन मेदाम्ले सुटी करते. मग मेदाम्लाची लांब साखळी पेशीच्या आत दोन-दोन कार्बनने तुटत जाते. पहिली पायरी नुसत्या पाण्यावर भागते. दुसरीला ऑक्सिजन हवा, आणि घोडे पेंड खाते ते इथेच.

एक किलो तेल पूर्ण जिरवायला सुमारे २.९ किलो ऑक्सिजन लागतो. काही भाग नव्या पेशी बांधण्यात गेला असे धरले, तरी हिशेब किलोतच राहतो. आपल्या हवामानात हवेने पुरेपूर भरलेल्या पाण्यातही लिटरमागे ७-८ मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो; ट्रॅपमध्ये तो जवळजवळ नसतोच. पाणीही तिथे फार वेळ टिकत नाही. त्यामुळे तेल फुटते, पाणी दुधाळ होते आणि पुढे वाहून जाते. (काही पुड्यांत साबणी द्रव्येही असतात, म्हणजे थर आणखी झटपट गायब!) पुढे गटारात कॅल्शियम भेटला की याच मेदाम्लांचा चिवट साबण बनून पाइपला चिकटतो.

एरेशन टँकची गोष्ट वेगळी. तिथे हवा आहे, सवड आहे, म्हणून हेच जिवाणू खरे काम करतात. पण तिथेही तेलाचा भार वाढला की मायक्रोथ्रिक्ससारखे तंतुमय जिवाणू माजतात आणि टाकीवर तपकिरी, चिकट फेस चढतो. तेही तेलावरच पोसलेले असतात, हे विसरू नये.

आमचे मत स्पष्ट आहे. ट्रॅप तेल अडवण्यासाठी आहे, पचवण्यासाठी नाही. थर वेळच्या वेळी उपसा, आणि त्यासाठी माणसाला टाकीत उतरवू नका. कल्चर द्यायचेच तर एरेशनमध्ये द्या.

पुडी घेण्याआधी ट्रॅपमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना घ्या. आम्ल घालून पीएच २ च्या खाली न्या. दुधाळपणा फाटून तेल वर आले, तर ते कुठेच गेलेले नाही. सोबत डोसच्या आधीचा आणि नंतरचा सीओडी तपासा, तेल-ग्रीसही मोजा. सार्वजनिक गटारासाठी मर्यादा लिटरला २० मिलिग्रॅमची आहे. ज्यांच्याकडे असे आकडे आहेत त्यांनी, निकाल कल्चरच्या बाजूचा असो वा विरुद्ध, आमच्याकडे जरूर पाठवावेत. छापू.