क्लब विकण्याआधी आम्हाला विचारा

मुंबई सिटी एफसीमधला आपला हिस्सा सोडून सिटी फुटबॉल ग्रुप डिसेंबर २०२५च्या अखेरीस बाहेर पडला. नोव्हेंबर २०१९मध्ये त्याने ६५ टक्के मालकी घेतली होती. आता क्लब पुन्हा पूर्णपणे संस्थापक मालकांकडे, म्हणजे रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे आला आहे. जाण्याचे कारण सांगितले गेले ते इंडियन सुपर लीगच्या भवितव्याबद्दलच्या अनिश्चिततेचे, आणि ते कारण खरे होते. फुटबॉल महासंघाचा लीगच्या व्यावसायिक भागीदाराशी असलेला करार त्याच महिन्यात संपला होता आणि हंगाम सुरू व्हायची चिन्हे नव्हती. तेव्हापासून अंधेरीत, बोरिवलीत, मुलुंडमध्ये, जिथे जिथे निळी जर्सी घालणारी मुले भेटतात तिथे एक वाक्य हटकून कानावर पडते: ‘कोणीतरी पैसेवाला येऊ दे, बाकी काही नको.’ हे वाक्य मला मान्य नाही. त्यामागची निराशा मला समजते, पण या शहराने आजवर गमावलेले क्लब याच समजुतीपायी गमावले आहेत.

पैसेवाला आला की क्लब वाचतो, असे म्हणणाऱ्यांनी मुंबईचाच इतिहास काढून पाहावा. महिंद्रा युनायटेडला पैशांची ददात नव्हती. २००५-०६चे राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी जिंकले, फेडरेशन कप दोनदा जिंकला. तो संघ ना तळाला गेला, ना कर्जात बुडाला. २०१०मध्ये कंपनीने ठरवले आणि संघ बंद झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी या संघांमागे तर प्रचंड सरकारी कंपन्या होत्या. क्लब परवान्याच्या अटी पूर्ण झाल्या नाहीत म्हणून २०१३मध्ये दोघेही आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगबाहेर गेले. पुण्याची गत आणखी वाईट. एफसी पुणे सिटी २०१९मध्ये बंद पडला, लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली, आणि २०२५मध्ये हैदराबादचा संघही उठून दिल्लीला गेला. बालेवाडीच्या प्रेक्षकांनी ज्या संघासाठी घसे कोरडे केले, त्याची जागा आज तिसऱ्या शहरात आहे. यातल्या एकाही ठिकाणी मालक गरीब नव्हता. क्लबचे काय करायचे हे ठरवणारा तो एकटा होता, एवढेच या सगळ्यांत समान आहे.

मुंबई एफसीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण खालच्या विभागात घसरलेल्या क्लबचे काय होते हे आपण तिथे डोळ्यांनी पाहिले. २००७मध्ये स्थापन झालेला हा पिवळ्या जर्सीचा क्लब. उपनगरातली पोरे चर्चगेटपर्यंत लोकलने आणि तिथून चालत कूपरेजला जायची, ‘यलो ब्रिगेड’ म्हणून ओरडायची. संघाने कधी विजेतेपद जिंकले नाही. २००९पासून सात वर्षे खालिद जमील प्रशिक्षक होते, आणि तुटपुंज्या साधनांत संघ वरच्या विभागात टिकवून ठेवणे हे त्यांचे काम होते. ते त्यांनी हंगामामागून हंगाम केले. २०१६मध्ये त्यांची जागा दुसऱ्याला दिली गेली. पुढच्या मोसमात मुंबई एफसी तळाला गेला, आणि त्याच मोसमात खालिद जमील यांच्या आयझॉल एफसीने आय-लीग जिंकली.

आयझॉलची ही गोष्ट भारतीय फुटबॉलची परीकथा म्हणून सांगितली जाते. पण तो क्लब आदल्याच वर्षी स्वतः खाली घसरला होता, हे आपण विसरतो. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली आणि तो विजेता झाला. धेंपो हे दुसरे उदाहरण. पाच वेळा राष्ट्रीय विजेता असलेला हा क्लब २०१५मध्ये खाली गेला आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या विभागाचे विजेतेपद जिंकून वर यायला पात्र ठरला. मैदानावर त्याने घसरण भरून काढली होती. तरीही तो वर खेळला नाही, कारण राष्ट्रीय स्पर्धेतूनच बाहेर पडायचे असा व्यवस्थापनाचा निर्णय झाला. म्हणजे घसरणीने क्लब मरत नाही. घसरण हा खेळाचाच भाग आहे. खाली गेलेला संघ पुढच्या मोसमात वर चढू शकतो. पण टाळे लावलेला संघ कुठे चढणार? मुंबई एफसीला वर चढायची संधीच मिळाली नाही. २०१७नंतर तो उभा राहिला नाही, आणि कोणी विकत घेईल या आशेवर बसलेल्यांच्या हाती पिवळा स्कार्फ तेवढा उरला. त्यांना कोणी काही विचारले नव्हते, कारण विचारण्याची कुठे सोयच नव्हती.

यावर ठरलेले उत्तर येते: पैसा त्याचा, तोटा त्याचा, मग निर्णयही त्याचाच. ऐकायला हे रोकडे वाटते. पण क्लबमध्ये केवळ मालकाचाच पैसा असतो हे गृहीतच चुकीचे आहे. मुंबई सिटी २०१६पासून ज्या मैदानाला घर म्हणते, ते वीरा देसाई रोडवरचे शहाजी राजे क्रीडा संकुल महापालिकेचे आहे. ते ज्या प्रतिष्ठानाकडे आहे, त्याच प्रतिष्ठानाकडे मुलुंडचे क्रीडा संकुलही आहे. ही मुंबईकरांच्या करावर उभी राहिलेली मालमत्ता आहे. क्लबच्या नावात मुंबई आहे आणि ते नाव कोणी विकत घेतलेले नाही. घाटकोपरहून मेट्रो धरून आझाद नगरला उतरणारा, दिवसभराच्या नोकरीनंतर साडेसातची मॅच पाहून शेवटच्या गाडीने कल्याणच्या दिशेने परतणारा मुलगा तिकिटाच्या किमतीपलीकडे पुष्कळ काही देत असतो. त्याच्या आवाजामुळे टीव्हीवरचे प्रक्षेपण विकले जाते. रिकाम्या स्टँडसमोरच्या संघाला कोणता प्रायोजक भाव देतो, ते एकदा विचारून पाहा.

आणि ज्याचा व्यवहारात वाटा आहे त्याला विचारावे लागते, हे उपनगराला कोणी शिकवायला नको. बोरिवलीत किंवा मुलुंडमध्ये जुनी इमारत पाडायची असेल, तर बिल्डर कितीही मोठा असो, सोसायटीची सभा घ्यावी लागते, निम्म्याहून अधिक सभासदांची संमती लागते, करारातली कलमे वाचून घेतली जातात. बिल्डरचा पैसा आहे म्हणून कोणी डोळे मिटून चाव्या देत नाही. आता कोणी म्हणेल की तिथे रहिवाशांच्या नावावर घर असते, चाहत्यांच्या नावावर काय आहे? नेमके तेच माझे म्हणणे आहे. काहीतरी नावावर असायला हवे.

‘मुंबईत फुटबॉलला चाहतेच कुठे आहेत?’ या प्रश्नावर मी फार शाई खर्च करणार नाही. रोव्हर्स कप या शहरात १८९१मध्ये सुरू झाला. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा इथलेच. वांद्र्यातले एक मैदान आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. पण चाहते नाहीत म्हणून त्यांना विचारायचे नाही, आणि विचारले जात नाही म्हणून चाहते टिकत नाहीत, हे चक्र ज्यांनी निर्माण केले त्यांनीच चाहत्यांच्या तुटवड्याची तक्रार करावी, याची चीड येते. कोल्हापुरात जाऊन पाहा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमी, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने शाहू स्टेडियमवर असले की अर्धे शहर तिथे लोटते. त्या संघांना लीगची झगमग नाही, परदेशी मालक नाही. भांडणे आहेत, कधी हाणामारीपर्यंत जाणारी. पण पाटाकडील तालीम कोणी उठून दुसऱ्या शहरात नेईल, अशी कल्पनाही कोल्हापूरकर करू शकत नाही. ती तालीम पेठेची आहे.

सिटी फुटबॉल ग्रुपला मी दोष देत बसणार नाही. त्यांच्या काळात संघाने जे केले ते याआधी मुंबईच्या कोणत्याही संघाने केले नव्हते. २०२०-२१मध्ये सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखाली लीग शील्ड आणि करंडक दोन्ही आले. एप्रिल २०२२मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला. मे २०२४मध्ये कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३-१ने हरवून करंडक पुन्हा आणला. चांगला मालक आला की काय होते, याचा हा पुरावा आहे आणि मी तो मनापासून मान्य करतो. पण ग्रुपच्या मँचेस्टरमधल्या ताळेबंदात अंधेरीचा अर्थ लागेनासा झाला तेव्हा चांगला मालकही गेला, आणि आपल्याला कळले ते पत्रकातून. मालक चांगला असणे पुरेसे नाही, याचाही हाच पुरावा.

या सगळ्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. सभासदांच्या हाती क्लब दिले की गटबाजी होते आणि तिजोरी रिकामी राहते, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. कोलकात्याचे दोन्ही मोठे क्लब सभासदांच्या संस्था म्हणून वाढले आणि दोघांनाही शेवटी गुंतवणूकदार शोधावे लागले. आजच्या लीगचा खर्च वर्गणीतून भागणार नाही. म्हणून सगळा क्लब चाहत्यांना द्या, अशी माझी मागणी नाही. पण त्याच कोलकात्यात पुढे काय झाले तेही पाहा. २०२०मध्ये मोहन बागानच्या नावापुढे एटीके चिकटवले गेले. चाहत्यांनी तीन वर्षे ते नाव मानले नाही, फलक लावले, निदर्शने केली. मार्च २०२३मध्ये करंडक जिंकल्यावर मालकांना ते नाव काढण्याची घोषणा करावी लागली. गुंतवणूकदार राहिला, पैसा राहिला, नाव मात्र चाहत्यांनी परत मिळवले.

इंग्लंडमधला पोर्ट्समथ आपल्या प्रश्नाच्या आणखी जवळ येतो. २००८मध्ये एफए कप जिंकलेला हा क्लब गैरव्यवस्थापनाने दिवाळखोरीत गेला आणि घसरत घसरत २०१३मध्ये चौथ्या विभागात पोहोचला. त्याच वर्षी चाहत्यांच्या ट्रस्टने क्लबचा ताबा घेतला. दोन हजारांहून अधिक लोकांनी प्रत्येकी हजार पौंडांचे भाग घेतले होते. त्यांनी कर्ज फेडले, २०१७मध्ये चौथा विभाग जिंकला. मग मायकल आयस्नर हा धनिक अमेरिकी खरेदीदार आला. चाहत्यांनी प्रस्ताव वाचला, प्रश्न विचारले, मतदान केले आणि मोठ्या बहुमताने होकार दिला. क्लब धनिकाकडेच गेला, पण विचारून गेला. जर्मनीत तर १९९८पासून, मोजके अपवाद सोडले तर, मताधिकाराचा अर्ध्याहून जास्त वाटा सभासदांकडेच ठेवावा लागतो.

आपल्याला एवढे मोठे पाऊल लगेच पडणार नाही. पण नाव, रंग आणि शहर या तीन गोष्टी चाहत्यांच्या नोंदणीकृत संस्थेच्या संमतीशिवाय बदलता येणार नाहीत, अशी तरतूद क्लबच्या घटनेत होऊ शकते. त्यासाठी त्या संस्थेकडे अल्पसा, पण नकाराधिकार असलेला हिस्सा पुरतो. हिस्सा विकायचा असेल तर खरेदीदार कोण, त्याची पुढच्या तीन वर्षांची तजवीज काय, अकादमीतल्या मुलांचे काय, याची माहिती सौदा होण्याआधी मिळायला हवी. क्लब कधी खाली घसरला तर त्याला किमान एक मोसम खालच्या विभागात खेळवण्याची हमीही खरेदीदाराकडून घेतली पाहिजे. मुंबई एफसीच्या वेळी अशी हमी असती, तर तो संघ निदान एक मोसम तरी जगला असता.

हे मालक आपण होऊन देणार नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण मैदान महापालिकेचे आहे, आणि मैदान वापरू देण्याच्या करारात अटी घालता येतात. जवळपास चार वर्षे मुंबईला नगरसेवकच नव्हते. जानेवारी २०२६मध्ये निवडणूक झाली आणि आता अंधेरीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक प्रभागात दार ठोठावायला कोणीतरी आहे. वेस्ट ब्लॉक ब्लूजसारखा चाहत्यांचा गट ढोल आणि झेंडे घेऊन इतकी वर्षे उभा आहेच. संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढायला सात जणांच्या सह्या लागतात. त्या सात सह्या पुढचा खरेदीदार अंधेरीत पाय ठेवण्याआधी झाल्या पाहिजेत, आणि त्या संस्थेचे पहिले पत्र महापालिकेच्या उद्यान किंवा क्रीडा खात्याच्या टेबलावर अडकू न देता थेट आयुक्तांकडे, मैदानाच्या कराराची प्रत मागण्यासाठी गेले पाहिजे.