उभ्या गाडीचाही घसारा होतो



आजचा विषय आहे मोटारीचे टायर. हे वाचून काही जणी पुढे सरकतील, म्हणून आधीच सांगते, की शेवटी हा विषय आपल्या स्वयंपाकघरातच येणार आहे. आणि यात चूक माझीसुद्धा आहे, नुसती घरातल्या पुरुषांची नाही.

आमच्या मामंजींनी आडतीच्या दुकानातल्या कमाईतून १९७८ साली फियाट घेतली. तेव्हा तीर्थपुरीत मोटारी हातावर मोजण्याइतक्या होत्या. मामंजी गेले, दुकान मुलाकडे आलं, घरात दुसऱ्या दोन गाड्या आल्या, पण फियाट कुणी विकली नाही. शेडमध्ये चादर घालून ती उभी असते. वर्षातून चार-पाच वेळा निघते: महावीर जयंतीच्या मिरवणुकीला जालन्याला, कार्तिकी पौर्णिमेला कचनेरला चिंतामणी पार्श्वनाथांच्या दर्शनाला, आणि घरात किंवा भाऊबंदांत लग्न असलं तर नवरदेवाला. जुन्या गाडीचे शौकीन फक्त मुंबई-पुण्यात असतात असं नाही. आपल्या समाजात अशी एखादी अँबेसेडर, एखादी फियाट, एखादी जुनी जीप कितीतरी घरांत आहे. ती वडिलांची आठवण असते, आणि तिच्यावरून कुणी काही बोललेलं घराला खपत नाही.

२०२५ च्या महावीर जयंतीला, १० एप्रिलला, आम्ही जालन्याची मिरवणूक आटोपून परत निघालो. दुपारचे दोन वाजलेले, ऊन असं की डांबर मऊ पडलेलं. मुलगा चालवत होता, आमचे हे त्याच्या शेजारी, मागे मी, सूनबाई आणि दोन नातवंडं. अंबड सोडून थोडं पुढे आलो आणि मागून फटफट असा आवाज सुरू झाला. मुलगा म्हणाला, "काहीतरी अडकलंय." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मोठा आवाज झाला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. डाव्या अंगाला एक बाई शेरडं घेऊन बाभळीच्या सावलीला बसली होती आणि तिची दोन लेकरं बाजूला खेळत होती. गाडी त्यांच्यापासून पाच-सात हातांवर शेताच्या बांधाला टेकून थांबली. वेग साठच्या आसपास होता म्हणून निभावलं. मुलाने घाबरून जोरात ब्रेक दाबला नाही, हेही नशीबच.

ती बाई उठून आली आणि म्हणाली, "दिसत न्हाई का वो? लेकरं हायेत माझी तिथं." आमच्याकडे उत्तर नव्हतं. मी हात जोडले, एवढंच.

मागच्या डाव्या टायरची वरची पूर्ण पट्टी, नक्षीसकट, सालासारखी सोलून निघाली होती. आणि ती नक्षी? जवळजवळ नवी! २०१४ साली टाकलेले टायर, अकरा वर्षांत गाडी साडेतीन हजार किलोमीटरही चालली नव्हती. हा आकडा मला पक्का माहीत आहे, कारण घरातल्या सगळ्या गाड्यांची वही मीच ठेवते.

आता माझी चूक. त्याच्या आधल्या वर्षी पंक्चरवाल्याने हवा भरताना टायरला नख लावून पाहिलं आणि मला म्हणाला, "काकू, दिसतंय नवं, पण रबर मेलंय याचं. बदलून टाका." मी बी.कॉम. झालेली बाई. मी मनात हिशोब मांडला: टायर चाळीस हजार किलोमीटर चालतो, हे साडेतीन हजारही चालले नाहीत, म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त माल शिल्लक आहे. हा माणूस मला टायर विकायला बघतोय! यांनी विचारलं तेव्हा मीच नको म्हटलं.

कॉलेजात घसाऱ्याच्या दोन तऱ्हा शिकलो होतो. काही मालमत्ता वापराप्रमाणे कमी होत जाते, आणि काहींची किंमत नुसत्या काळाने उतरते, वापरा किंवा न वापरा. मी टायर पहिल्या खात्यात धरला आणि तो दोन्ही खात्यांत होता. 'घसारा' हा शब्दच फसवा आहे. घासलं नाही तर घसारा कसला, असं वाटतं.

नंतर मी वाचून आणि विचारून जे समजून घेतलं ते असं. टायरच्या रबरात कारखान्यातच मेणासारखी संरक्षक द्रव्यं मिसळलेली असतात. गाडी चालते तेव्हा रबर दबतं, सुटतं, आणि ती द्रव्यं हळूहळू पृष्ठभागावर येऊन त्याला वाचवतात. उभ्या गाडीत हे नीट होत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन, उष्णता यांचं काम मात्र रोज चालू असतं, आणि आपल्या मराठवाड्याचा उन्हाळा तर तुम्हाला माहीतच आहे. रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात. हवा महिन्यागणिक थोडी थोडी कमी होते आणि गाडीचं सगळं वजन महिनोन्‌महिने एकाच जागी पडून राहतं. सगळ्यात वाईट म्हणजे टायरच्या आत एकावर एक जे थर असतात त्यांची एकमेकांवरची पकड सुटत जाते, आणि ते बाहेरून दिसत नाही. मग एके दिवशी भर उन्हात, सहा माणसं भरून, मिरवणुकीच्या चालीऐवजी रस्त्याच्या वेगाने गाडी पळवली की थर वेगळे होतात. आमचं तंतोतंत हेच झालं. त्यात मिरवणुकीआधी पोरांनी टायरला काळं पॉलिश चोळलेलं, म्हणजे ज्या भेगा दिसल्या असत्या त्याही झाकल्या.

टायरचं वय मात्र टायरवरच लिहिलेलं असतं. बाजूला अक्षरांची एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या फुटलेल्या टायरवर २३११ होतं, म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. म्हणजे २०१४ साली 'नवा' म्हणून घेतला तेव्हाच तो तीन वर्षांचा होता! जुन्या गाड्यांच्या मापाला गिऱ्हाईक कमी, माल दुकानात पडून राहतो. कधी कधी ही तारीख टायरच्या आतल्या अंगाला असते. तेव्हा फोनचा दिवा लावून हात खाली घालायचा आणि फोटो काढायचा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, तो त्याच दिवशी उतरवा. डिकीतल्या स्टेपनीचंही वय बघा. ती तर कधीच चालत नाही आणि नेमकी अडचणीच्या वेळी लागते.

गाड्यांच्या कित्येक कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात. टायर बनवणारे म्हणतात, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांच्या पुढे दिसायला कितीही चांगला असला तरी ठेवू नका. आपल्याकडे तपासणी होते ती नक्षीच्या खोलीची, कारला किमान १.६ मिलिमीटर. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर तिथे टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला लागले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण आमची फियाट तिथे नेली असती तर नक्षी बघून तिला शंभर पैकी शंभर मार्क मिळाले असते.

'फास्ट अँड फ्युरियस'चा नट पॉल वॉकर माझ्या मुलाला फार आवडायचा. २०१३ च्या नोव्हेंबरात तो मित्राच्या पोर्शेत बसलेला असताना गेला. अपघाताचं मोठं कारण भरमसाट वेग हेच होतं, पण त्या किमती गाडीचे टायर नऊ वर्षांचे जुने होते आणि तपासात त्याचाही उल्लेख आला.

त्याहून मला लागून राहिली ती इंग्लंडमधली एक आई. सप्टेंबर २०१२ मध्ये गाण्यांच्या उत्सवाहून तरुण मुलं बसने लिव्हरपूलला परतत होती. सरे परगण्यात बसचा पुढचा टायर फुटला, बस झाडावर गेली, तिघं गेले. तो टायर एकोणीस वर्षांचा निघाला. त्या आईचा मुलगा अठराचा होता, म्हणजे टायर मुलापेक्षा मोठा. आणि नक्षी पुरेशी होती म्हणून तो कायद्याने चालत होता. त्या बाईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचा टायर चालत नाही. ती काही मोटारींतली तज्ज्ञ नव्हती. आकडा वाचायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि तारीख सांभाळण्यात आपल्याइतकं तरबेज कोण आहे? पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. गाळलेलं पाणी अठ्ठेचाळीस मिनिटं. डब्यातलं पीठ आपण वापरलं नाही म्हणून ते ताजं राहिलं, असं आपल्या घरातली दहा वर्षांची पोरगीही म्हणणार नाही. दिसत नाही, वास येत नाही, तरी मर्यादा संपली की आपण ते वापरत नाही. मग तोच नियम शेडच्या दारात का थांबतो? तिथलं खातं पुरुषांचं, म्हणून?

दशलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय ऐकताना दरवर्षी हिंसेच्या व्याख्येत 'प्रमाद' हा शब्द येतो. इतकी वर्षं मला वाटायचं, प्रमाद म्हणजे आळस, झोप, सामायिकात लागलेली डुलकी. आता तो शब्द आला की मला बाभळीखालची ती दोन लेकरं दिसतात. पंक्चरवाल्याने सांगितलेलं मी ऐकलं होतं, आणि ऐकून सोडून दिलं होतं. महावीर जयंतीच्या दिवशी, अहिंसेच्या घोषणा देऊन परत येताना.

गाडी विकून टाका, असं मी म्हणत नाही, जरी अपरिग्रहाच्या दृष्टीने तेही कुणी म्हणू शकेल. पण ठेवायची तर नीट ठेवा. आमच्याकडे पुरुषमंडळींचा बेत आहे की २०२८ मध्ये गाडीला पन्नास वर्षं पुरी झाली की २०२१ च्या नियमाप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची. त्या नोंदणीची फी वीस हजार. त्यासाठी आतापासून उत्साह! स्टेपनीसकट पाच टायर आणि ट्यूब आम्हाला अठरा हजारांत पडल्या आणि त्यावर मात्र आठ दिवस चर्चा चालली. यावेळी दुकानात मी स्वतः गेले आणि पाचही टायरचे आकडे वाचूनच पैसे दिले. दुकानदार हसला, हसू दे.

आता दर पंधरा दिवसांनी फियाट दहा-पंधरा किलोमीटर फिरवतो, जागेवर इंजिन चालू करून ठेवत नाही. निघण्याआधी हवा बघतो. आणि सहाजण भरून उन्हात कुठेही नेत नाही. तिला मागे पट्टेही नाहीत.

एक गोष्ट राहिली. उरलेले तीन टायर आणि स्टेपनी दिसायला चकचकीत होते. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, चारही द्या, दोन हजार देतो, मजूर नेणाऱ्या जीपवाल्याला चालतील." यांनी मान डोलावली. मी म्हटलं, आधी कापा. समोर उभी राहून चारही टायरच्या बाजू कापून घेतल्या आणि मग भंगारात दिल्या. दोन हजार बुडाले म्हणून हे दोन दिवस बोलले नाहीत.

कार्तिकी पौर्णिमेला आपल्या महिला मंडळाची गाडी कचनेरला जाते. ज्या जुन्या ट्रॅव्हलरने आपण जातो ती वर्षातले बरेच महिने उभीच असते. या रविवारी मी तिच्या मालकाकडे जाऊन आकडे बघून येणार आहे. कुणाला सोबत यायचं असेल तर सकाळी अभिषेकानंतर मंदिरापाशीच थांबा. फोनचा दिवा चालू आहे ना, तेवढं बघून या.