ओव्हरऑयलिंगचा रविवार

सायकल दुकानावरची पाटी तुम्ही कधी नीट वाचली आहे का? 'येथे सायकलचे ओव्हरऑयलिंग करून मिळेल.' आपल्या खानदेशात ही पाटी कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसायची, अजूनही एखाददुसरी दिसते. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग. म्हणजे सगळे खोलायचे, धुवायचे, झिजलेले बदलायचे आणि पुन्हा जोडायचे. आपल्या मिस्त्रीच्या कानाला त्यात 'ऑइल' ऐकू आले आणि शब्दाचे रूपच पालटले. शब्द गोड आहे, पण त्याने सायकलींचे नुकसानही पुष्कळ केले आहे. वरून तेल सोडले की काम झाले, अशी समजूत त्यातून पक्की झाली. धुळीने माखलेल्या चेनवर तेल ओतले तर धूळ आणि तेल मिळून जो काळा लगदा होतो, तो कानशीसारखा चेन खातो. आधी रॉकेल आणि ब्रशने चेन धुवावी, कोरडी करावी, मग एकेका कडीवर थेंब थेंब तेल द्यावे आणि वरचे फडक्याने पुसून काढावे. तेल कडीच्या आत हवे, बाहेरचे तेल फक्त पँट खराब करते.

आमचे कोसाड सुरतेच्या उत्तरेला, तापीच्या पलीकडे. मुंबईहून अहमदाबादला जाताना सुरत सुटले की उतराण, मग कोसाड. एक्स्प्रेसमधल्या माणसाला स्टेशनची पाटी वाचण्याआधीच ते मागे पडते. एके काळी शहराबाहेरचे गाव होते, आता महापालिकेच्या हद्दीत आले आहे. झोपडपट्ट्यांतून हलवलेल्या कुटुंबांसाठी महापालिकेने बांधलेली 'कोसाड आवास' ही मोठी वसाहत इथलीच. तिथे माणसांना पक्के घर मिळाले, नळ मिळाला, संडास मिळाला. पण काम मात्र जुन्याच जागी राहिले. लूम कतारगाममध्ये आणि घर कोसाडला, मधे अमरोलीचा पूल. बीआरटीएसची बस आली आहे आणि ती चांगली सोय आहे, हे कबूल. तरी बस स्टॉपपासून कारखान्याच्या दारापर्यंतचे अंतर उरतेच, आणि सकाळी सातला पाळी बदलते तेव्हा दारात वेळेवर उभे राहावे लागते. म्हणून पुलावर अजून सायकली दिसतात. हेल्मेट घालून, गियरची सायकल घेऊन डुमसच्या दिशेने जाणारे रविवारचे सायकलस्वार निराळे आणि डबा हँडलला अडकवून रोज पूल चढणारे हे निराळे. वर्तमानपत्रात फोटो पहिल्यांचे येतात.

माझ्या रविवारी आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली हे दुसऱ्या प्रकारचे लोक जमतात. मी काही मिस्त्री नाही. नोकरीत असताना सायकलने गेलो, निवृत्तीनंतरही सायकल सोडली नाही, आणि हत्यारे घरात आहेत, एवढेच भांडवल. सौ.च्या मते ते अंगण नसून गॅरेज आहे. तिचे म्हणणे खोटे नाही, पण त्याच हत्यारांनी तिचेही काम होते. जुनी ट्यूब आम्ही फेकत नाही. गळक्या नळाचा वायसर त्यातूनच कापता येतो आणि बाजारातल्या वायसरपेक्षा वाईट चालत नाही. पावसाळ्यात फुगून अडकणारे संडासाचे दार रंध्याने घासावे लागते, पण ते भर पावसात घासू नये. लाकूड सुकले की फट पडते आणि मग उन्हाळ्यात त्याच दाराला पट्टी ठोकत बसावे लागते. जेवढे अडते तेवढेच दोन हात मारावेत, बाकीचे दिवाळीनंतर. गच्चीच्या भेगा मात्र मे महिन्यातच भराव्यात, भेग ओली असताना भरलेला माल धरत नाही. बिजागरीला तेल सायकलच्याच कुपीतले. विजेच्या कामाला मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा.

तर हा रविवार. गेल्या काही आठवड्यांपासून आवासमधला एक मुलगा येतो. मूळचा शहादा तालुक्यातला, लूमवर बारा तासांची पाळी करतो, मीटरवर पगार. सायकल जुन्या बाजारातून घेतलेली, काळी, रॉड ब्रेकची, २८ इंची. तो आला तो सायकलची तक्रार घेऊन. दर फेरीला पायडल 'टक्' असा आवाज करत होते. आणि जाता जाता म्हणाला, "काका, गुडघा भलता दुखस."

आवाजाचे कारण सोपे होते. जुन्या सायकलचा क्रँक ज्या पाचरीने दांड्याला धरलेला असतो, ती कॉटर पिन सैल झालेली. कॉटर बदलताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. हातोडा मारण्याआधी क्रँकखाली लोखंडी पाइप किंवा जड ठोकळा उभा करून टेका द्यावा, नाहीतर प्रत्येक घाव आतल्या छर्‍यांवर बसतो आणि कॉटर नवी पण बेअरिंग गेलेले, अशी गत होते. दोन्ही बाजूंच्या कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या. एक चुकली तर पायडले एका रेषेत राहत नाहीत, आणि माणूस लंगडा असल्यासारखा चालवतो. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, हेही त्याला सांगितले. उलट्या आट्याला सुलट जोर लावून कितीतरी क्रँक वाया गेलेले मी पाहिले आहेत.

मग मागचे चाक खोलले. हबमध्ये पाव इंची छर्रे, प्रत्येक बाजूला नऊ. ग्रीस दगडासारखे झालेले. ऑगस्ट २००६ च्या पुराची आठवण झाली. उकाईतून सुमारे नऊ लाख क्यूसेक पाणी तापीत आले आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला होता. आम्ही तेव्हा नदीकाठी भाड्याने राहत होतो. पाणी ओसरल्यावर लोकांनी सायकली बाहेरून धुतल्या, पुसल्या, चालवायला घेतल्या. आत हबमध्ये आणि हँडलच्या बेअरिंगमध्ये बारीक गाळ बसलेला. महिन्या-दोन महिन्यांत चाके करकरू लागली. पाण्यात बुडालेली सायकल बाहेरून कितीही चकचकीत दिसली तरी खोलावीच लागते. भिंतींचेही तसेच होते. बाहेरून सुकलेली भिंत आतून ओली होती, आणि घाईने रंग दिलेल्यांचा रंग पापड होऊन पडला.

गुडघ्याचे कारण मात्र सायकलच्या सीटमध्ये निघाले. आधीचा मालक बुटका असावा. सीट इतकी खाली की पायडल सर्वांत खाली असतानाही या मुलाचा गुडघा चांगलाच वाकलेला. अशा वेळी प्रत्येक फेरीला गुडघ्याच्या वाटीवर जादा दाब येतो. पूल चढताना तर फारच. पाहण्याची रीत साधी आहे. सीटवर बसावे, टाच पायडलवर ठेवावी, पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर आणला की गुडघ्यात जेवढा हवा तेवढाच थोडा बाक उरतो. आजूबाजूच्या सायकलवाल्यांकडे जरा निरखून बघा, दहांतले बरेचसे बसकट सीटवर गुडघे छातीकडे आणत चाललेले दिसतील.

सीटचा दांडा गंजून घट्ट बसला होता. रॉकेल आणि तेल सोडून रात्रभर ठेवला, दुसऱ्या दिवशी पिळून पिळून सुटला. आता वर करायचा, तर मुलगा नको म्हणाला. कारण विचारले तेव्हा जे सांगितले त्यावर मला पटकन उत्तर देता आले नाही. सीट उंच केली की थांबल्यावर पाय जमिनीला सपाट टेकत नाही. पुलाच्या तोंडाशी एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला रिक्षा, मागून बसचा हॉर्न. तिथे तोल गेला तर? त्याच्याबरोबर काम करणारा एक जण तसाच पडला होता म्हणे. गुडघा दुखला तर रोज थोडा दुखेल, पण पडलो तर एकदाच, असा त्याचा हिशेब. त्याला नुसते पुस्तकी माप सांगून चालण्यासारखे नव्हते.

शेवटी तोडगा असा निघाला, की दर रविवारी अर्धा इंच. तेवढे शरीर आणि मन दोन्ही सोसते. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकवायचा, सीटवर बसून राहायचेच नाही, हे त्याला सोसायटीच्या आवारात दहा वेळा करून दाखवले. दांडा निदान अडीच इंच फ्रेमच्या नळीत राहिला पाहिजे, हे बघून खूण करून ठेवली आहे. पावसाचे आणखी एक सांगितले. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर घसरते, गाडी थांबायला दुप्पट-तिप्पट अंतर लागू शकते. म्हणून ब्रेक आधी हलका लावून रिम पुसून घ्यायची, मग दाबायचा. मागच्या मडगार्डला लाल रेडियम लावले. त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि रात्रपाळीच्या माणसाला तेच वाचवते.

त्याला एका डॉक्टरांनी पंधरा दिवस विश्रांती सांगितली होती. मीटरवर पगार घेणाऱ्याला पंधरा दिवस विश्रांती म्हणजे काय, हे मी नव्याने सांगायला नको. गुडघ्यावर सूज असती, किंवा तो मधेच अडकत असता, तर मीही त्याला आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडेच पाठवले असते, सीट-बीट नंतर. तसे काही नव्हते.

योगाकडे आमची गाडी इथून वळली. सुरत हे योगाचे विक्रमी शहर ठरले होते बरे! २१ जून २०२३ रोजी इथे सुमारे दीड लाख लोकांनी एकत्र योग केला आणि गिनीज बुकात नोंद झाली. मला त्याचे कौतुक आहे. तरी मनात येते, की त्या पहाटे रात्रपाळी संपवून निघालेला लूम कारागीर कुठे असेल? बारा तास उभा, मान खाली, मग सायकलवर पुन्हा पाठ वाकलेली. खरी गरज त्याला. आपल्या मराठी माणसांनी तर योग घरोघरी नेण्यासाठी पुष्कळ केले. स्वामी कुवलयानंद, मूळचे गुणे, १८८३ मध्ये इथेच गुजरातेत डभोईला जन्मले, आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून त्यांनी आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते उपकरणांनी तपासायला घेतले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार होते. जन्म कर्नाटकातला, पण १९३७ पासून कर्मभूमी पुणे. त्यांनी खुर्ची, वीट, दोर, पट्टा असल्या घरगुती वस्तू आसनांच्या मदतीला आणल्या. ज्याचा हात पायापर्यंत पोचत नाही त्याने शरीराशी मारामारी न करता पट्ट्याने पाय धरावा. मिस्त्रीच्या डोक्याच्या माणसाला ही रीत पटकन पटते. क्रँकखाली टेका द्यायचा तसा टाचेखाली ठोकळा द्यायचा!

आमच्याकडे ठोकळा दाराच्या चौकटीतून उरलेला सागाचा तुकडा. पट्टा म्हणून त्या मुलाने जुनी ट्यूब घेतली, तेव्हा मात्र थांबवले. ट्यूब ताणली जाते, पाय स्थिर राहत नाही आणि हातातून सुटली तर तोंडावर बसते. सुती पंचा उत्तम. पाठीवर झोपून एक पाय पंचाने वर धरायचा, गुडघा सरळ, जेवढा जाईल तेवढाच. सायकल चालवणाऱ्याच्या मांडीमागच्या शिरा आखडतात, त्या यात मोकळ्या होतात. मग भुजंगासन आणि सेतुबंधासन, कारण दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला मागे वळण हवे. वज्रासन त्याला सध्या नको म्हटले. दुखऱ्या गुडघ्यावर पूर्ण वजन टाकून बसण्याची घाई कशाला? पाळीवरून आल्यावर लगेच नाही, अंघोळ आणि चहा झाल्यावर दहा मिनिटे. खोलीत पाच जण राहतात, चटई घालायला जागा नाही, म्हणून तो वर गच्चीवर करतो. खोलीतले बाकीचे हसतात म्हणाला. त्यातला एक मात्र मागच्या रविवारी त्याच्याबरोबर खाली आला, स्वतःची पंक्चर झालेली सायकल घेऊन. ट्यूब बादलीत बुडवली तर बुडबुडा नाही. तोंडावर थुंकी लावून पाहिली, गळती वालट्यूबची निघाली. एवढ्याशा रबरी नळीसाठी तो तीन वेळा पंक्चरचे पैसे देऊन बसला होता.

सायकलचे सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. २८ इंची टायर अजून मिळतो, पण रॉड ब्रेकच्या बारीकसारीक वस्तूंसाठी जुन्या सुरतेत दोन-तीन दुकाने फिरावी लागतात. ३ जून हा जागतिक सायकल दिन, आणि २०२० साली नेमक्या त्याच दिवशी ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. ज्या कंपनीने १९५१ पासून या देशाला सायकलवर बसवले तिच्याबाबत असे घडावे!

मुलाला मोपेडचा हप्ता काढून द्यायला एक जण तयार आहे. घरचे म्हणतात, घेऊन टाक. मी त्याला घे किंवा नको असे काहीच म्हटलेले नाही, हप्ता भरायचा तो त्याला. दर महिन्याचा हप्ता, पेट्रोल आणि गावाकडे पाठवायचे पैसे, तिन्ही आकडे त्याने कॉटरच्या रिकाम्या खोक्यावर पेन्सिलने लिहिले आणि बराच वेळ बघत बसला. निर्णय दिवाळीवर टाकला आहे. आतापर्यंत सीट दीड इंच वर गेली. पूल चढताना दुखत नाही म्हणतो, उतरताना थोडे दुखते. येत्या रविवारी चौथा अर्धा इंच आणि मागच्या चाकाचा आउट काढायचा आहे, तीन आरे तुटलेले आहेत. ते आणायला मी शनिवारी शहरात जाईन, सौ.ने नळाची नवी तोटीही यादीत घातली आहे.