भुरट्या चोराचा खटला

गोविंद निहलानी यांच्या १९८३ च्या ‘अर्धसत्य’ या चित्रपटाचे मूळ श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेत आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची. फौजदार वेलणकर अखेर राजकारणात शिरलेल्या गुंड रामा शेट्टीचा गळा आवळतो, तेव्हा प्रेक्षकाला न्याय झाल्यासारखे वाटते. परंतु त्याआधी याच वेलणकरच्या मारहाणीने कोठडीत एक भुरटा चोर मेलेला असतो. शेट्टीपुढे लुळा पडलेला हात दुबळ्यावर मात्र उगारला गेला. शेट्टी सर्वांच्या स्मरणात आहे. तो चोर कोणाच्याच नाही.

किनवटसारख्या सागवानी जंगलाच्या, आदिवासी वस्तीच्या तालुक्यात याचा अर्थ उघड आहे. ज्या गोंड वा कोलामाला वकील नाही, वशिला नाही, त्याच्यापुरता कायदा म्हणजे ठाण्याचा फौजदारच!

दोष एकट्या फौजदाराचा नव्हे. ज्याची बदली पुढाऱ्याच्या शब्दावर होते, तो पुढाऱ्यालाच जुमानणार. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने या हस्तक्षेपावर बोट ठेवले. २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आस्थापना मंडळे व तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा दुरुस्त केला खरा, पण मुदतपूर्व बदलीची वाट सरकारसाठी मोकळीच ठेवली.

ती वाट बंद झाली पाहिजे, आणि तक्रार प्राधिकरणाचे दार तालुक्याच्या गावी उघडले पाहिजे. एका शेट्टीच्या मरणाने यातले काहीही साधत नाही.