व्हाया

मराठी माणसाला एस.टी.चा प्रवास करताना बघावं. गाडी फलाटाला लागली की तो गावाच्या नावाआधी 'मार्गे' वाचतो. कोल्हापूरहून कणकवलीला निघालेला गृहस्थ कंडक्टरला पहिला प्रश्न विचारतो, "फोंड्यानं की गगनबावड्यानं?" कारण एका घाटात त्याच्या बायकोला गाडी लागते, दुसऱ्या घाटात मुलाला, आणि कुठला त्रास परवडेल हे त्याला स्टँडवरच ठरवायचं असतं. तीन-चार तासांच्या प्रवासासाठी एवढी उलटतपासणी!

हाच गृहस्थ, किंवा अमेरिकेत गेलेला त्याचा मुलगा, जेव्हा चोवीस तासांच्या विमानप्रवासाचं तिकीट काढतो तेव्हा फक्त एकच आकडा वाचतो. भाडं. विमान कुठं-कुठं थांबणार हे तिकीट निघाल्यावर उघडकीला येतं. "व्हाया इस्तंबूल आहे वाटतं," असं तो पत्रिकेत मंगळ निघाल्यासारखं सांगतो.

माझं भांडण या स्वस्त तिकिटाशी आहे. आता मी बँकेतला कारकून. लोकांचे पैसे मोजण्यात उमेद गेली, तेव्हा पैसे वाचवणाऱ्याबद्दल मला आदरच आहे. पण पैसा वाचला म्हटलं की तो कुणाच्या खात्यात जमा झाला आणि कुणाच्या नावे पडला, हे बघायची आम्हा लोकांना खोड असते. या व्यवहारात जमा होतात मुलाचे डॉलर आणि नावे पडतात आईबापांचे गुडघे. ताळेबंद जुळत नाही, साहेब. मी असल्या व्हाउचरवर सही करणार नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका-काकू गेल्या वर्षी मुलाकडे गेले. काका चौऱ्याहत्तरचे, काकू सत्तरीच्या. मुलगा गुणी आहे, आईबापांवर त्याचं प्रेमही आहे, पण तिकीट काढायला बसला की त्याचं प्रेम चढत्या क्रमानं लागतं. सर्वांत स्वस्त ते सर्वांत वर. त्यानं दोन थांबे असलेलं तिकीट काढून दोघांचे मिळून चौदा हजार वाचवले. दुसरा थांबा अमेरिकेतच होता, आणि तिथं पुढच्या विमानाला मध्ये एक तास पन्नास मिनिटं होती. मुलाचं म्हणणं, "भरपूर वेळ आहे, बाबा." भरपूरच होता. तिशीतल्या, एक पाठपिशवी घेतलेल्या, इंग्रजीत भांडता येणाऱ्या माणसाला.

अमेरिकेत नुसतं 'मधून जाणं' ही गोष्टच नाही. जे शहर पहिलं लागेल तिथंच पासपोर्टची रांग, तिथंच साहेबाचे प्रश्न, आणि पुढं जायचं असलं तरी साधारणपणे सामान पट्ट्यावरून तिथंच उतरवून घ्यायचं, कस्टमसमधून न्यायचं आणि पुन्हा सोपवायचं. त्यानंतर परत एकदा तपासणी, परत पट्टा काढा. काकांच्या चार बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. त्यातल्या दोन भाजणी, मेतकूट आणि नातवाचे झबले यांनी भरलेल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसानं फिरत्या पट्ट्यावरून ब्याण्णव किलो माल उतरवायचा आणि एक तास पन्नास मिनिटांत दुसरं टर्मिनल गाठायचं. बाजार समितीतला हमालसुद्धा यासाठी वेगळी वाराई मागेल.

विमान अर्थातच गेलं. तिकीट एकच होतं म्हणून कंपनीनं दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात बसवलं, पण रात्र खुर्चीवर गेली. काकूंचे पाय सुजले ते आठ दिवस उतरले नाहीत. चौदा हजार मात्र वाचले.

यावर मंडळी म्हणतात, मग थेट विमानानं पाठवावं. पाठवावं ना! पण मुंबई ते न्यूयॉर्क सरळ गेलं तरी साडेबारा हजार किलोमीटर भरतं आणि पंधरा-सोळा तास एका खुर्चीत काढावे लागतात. ज्यांना दर दोन तासांनी उठावं लागतं अशा माणसाला मधली सीट मिळाली, तर शेजारचा दर दोन तासांनी उसासे टाकतो. शिवाय 'थेट' या शब्दाचाही फार भरवसा नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला थेट निघालेली विमानं वळसा पडल्यामुळं तेल भरायला व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरू लागली. थेटचे पैसे देऊन व्हाया.

थांबा वाईट नाही हो. १९४८ च्या जूनमध्ये मुंबईहून लंडनला आपलं पहिलं विमान गेलं तेही कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. तेव्हाचे थांबे विमानाच्या पोटासाठी होते, आताचे आपल्या खिशासाठी आहेत, एवढाच फरक. माझं म्हणणं इतकंच, की खिशासाठी थांबायचंच तर निदान पायांना विचारून थांबावं.

आता आखातातून जाणारी वाट घ्या. दुबईला तीन तासांत पोचतो. अजून घरचा चहा पोटात असतो, कंटाळा यायचा असतो, आणि तेवढ्यात उतरवतात. पुढं न्यूयॉर्कपर्यंत चौदा तास अखंड. म्हणजे विश्रांती केव्हा, तर दमण्याच्या आधी! त्यापेक्षा फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी वाट जवळजवळ निम्मी होते, साडेआठ-नऊ तास अलीकडं आणि तेवढेच पलीकडं. गुडघेदुखीच्या माणसाला हे गणित भाड्यापेक्षा मोठं आहे. पण भाड्याच्या यादीत ते कुठंच छापलेलं नसतं.

आखाताची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल कारकून एकतर्फी लिहितो. अबू धाबीला २०१४ पासून एक सोय आहे. अमेरिकेचे पासपोर्ट-अधिकारी तिथंच बसतात. तुमची अमेरिका अबू धाबीतच सुरू होते आणि पलीकडं तुम्ही गावातल्या माणसासारखे उतरता. रांग लांब असते, पण ती रात्रभरच्या चौदा तासांनंतरची नसते. आणि साहेब नाही म्हणालाच, तर मुंबई तीन तासांवर आहे.

खरे बदमाश थांबे वेगळेच असतात. एका शहरात दोन विमानतळ असतात, हे तिकिटावर बारीक टायपात लिहिलेलं असतं. इस्तंबूलचा एक विमानतळ युरोपात आहे आणि दुसरा आशियात. दोन स्वस्त तिकिटं जोडून कुणी तुम्हाला एकाला उतरवलं आणि दुसऱ्यावरून चढवलं, तर मध्ये सामान घेऊन खंड ओलांडायचा. कोलंबसाला निदान राणीनं पैसे दिले होते! न्यूयॉर्कच्या नावाखाली विकला जाणारा नेवार्कचा विमानतळ तर दुसऱ्या राज्यात आहे. युरोपात शेंगेन नावाची आणखी एक गंमत आहे. त्या देशांचं मिळून एकच अंगण. म्हणून फ्रँकफर्टला उतरून लिस्बनला आणि तिथून अमेरिकेला असं दुहेरी 'व्हाया' घेतलंत, तर फ्रँकफर्टलाच त्यांच्या हद्दीत शिरावं लागतं. त्याला त्यांचा व्हिसा हवा, आणि अमेरिकेचा व्हिसा दाखवून तिथं भागत नाही. हे कळतं केव्हा? मुंबईच्या काउंटरवर, पहाटे दोन वाजता, पोचवायला आलेली मंडळी घरी गेल्यावर.

दोन वेगवेगळी तिकिटं जोडणाऱ्याबद्दल तर मी न बोललेलं बरं. एका तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं तर पुढं पोचवणं ही कंपनीची जबाबदारी. दोन तिकिटं असली की दुसरी कंपनी म्हणते, आम्ही तुम्हाला ओळखतच नाही. आमच्या बँकेत जामीनदाराशिवाय साधं कर्ज मिळत नाही, आणि इथं माणसं आईबापांना बिनजामिनाची अटलांटिकपार पाठवतात.

संकट कुठंही येतं, हे कबूल. २०१० साली आइसलंडच्या ज्वालामुखीनं युरोपचं आकाश कित्येक दिवस बंद पाडलं. १६ एप्रिल २०२४ ला वाळवंटातल्या दुबईत एवढा पाऊस पडला की धावपट्टीवर पाणी साचलं. म्हणून विचारायचा प्रश्न असा असतो, की आमचं विमान चुकलं तर तिथून आमच्या गावाला पुढचं विमान केव्हा? आज संध्याकाळी, उद्या, की येत्या गुरुवारी? एस.टी.च्या चौकशी-खिडकीवर आपण हेच विचारतो. "ही चुकली तर मागून दुसरी आहे का?"

आणि ती चाकाची खुर्ची. आपल्याकडच्या विमानांत उतरताना दारात व्हीलचेअरची रांग दिसली की मागची तरुण मंडळी हसतात. "बघा, चढताना पांगळे, उतरल्यावर बॅगा घेऊन पळणारे!" मला या हसण्याचा राग येतो. त्या खुर्चीत बसलेल्या निम्म्या बायकांचे पाय ठणठणीत असतील, मान्य. पण पाटीवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. सी बावीस म्हणजे काय, ते किती लांब आहे आणि मध्ये आगगाडी का लागते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. खुर्ची ढकलणारा माणूस हा त्यांचा वाटाड्या असतो. ज्यांनी मुलाला बोटाला धरून शाळेत पोचवलं, त्यांना बोट धरायला कुणीतरी हवं असतं, आणि विमानतळावर बोट मिळत नाही, खुर्ची मिळते. एकच थांबा असता, मध्ये तीन-चार तास असते, आणि तिकीट काढणाऱ्यानं कुठं उतरायचं, कुठं वळायचं हे मराठीत एका कागदावर लिहून दिलं असतं, तर यातल्या कितीतरी जणी चालत गेल्या असत्या. ताठ मानेनं.

काका-काकू या दिवाळीनंतर पुन्हा जायचं म्हणताहेत. म्हणजे काकू म्हणताहेत. काका गप्प आहेत. मी त्यांच्या मुलाला कळवलं, की या वेळी एकच थांबा घ्या, युरोपातला, मध्ये तीन तास ठेवा, आणि अमेरिकेत उतरल्यावर दुसरं विमान नको, गाडी घेऊन तुम्हीच न्यायला या. सहा तास गाडी चालवावी लागली तरी चालवा.

त्याचं ताबडतोब उत्तर आलं. "दादा, चार हजारांचा फरक पडतो."

मी लिहिलं, "बरोबर आहे. माणसं दोन, गुडघे चार. दर गुडघ्याला हजार."