एका मीटिंगवरून निकाल लावू नका

"डॉक्टर, एएच्या मीटिंगला जाऊन आलो. आपल्याला नाही जमणार ते." किती मीटिंगा केल्या? एक! आवडता बार सापडेपर्यंत चार बार पालथे घातलेच होते ना?

दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. चिठ्ठीवर 'एए' लिहायचे आणि पुढचा पेशंट बोलवायचा. कुठली मीटिंग, हे कोण सांगणार? कुठे मराठीत बोलतात, कुठे हिंदी-इंग्रजीत. 'खुल्या' मीटिंगला बायको-भाऊ सोबत बसू शकतात. 'बंद' मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांची. तुमची बाटली संध्याकाळी सातला उघडत असेल, तर मीटिंगही सातचीच शोधा. रविवार सकाळची काय कामाची? पुरुषांनी भरलेल्या खोलीत एखाद्या बाईला तोंड उघडवत नसेल, तर तिने महिलांची मीटिंग आहे का, विचारावे. फी नाही, पूर्ण नाव सांगावे लागत नाही. देवाचा उल्लेख खटकला? दुसऱ्या गटात बसून पाहा.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र दारू एकदम तोडण्याआधी डॉक्टरांना भेटावे. फिट येऊ शकते, जिवावरही बेतते.

या आठवड्यात तीन वेगवेगळ्या मीटिंगा करा. मग या माझ्याशी भांडायला.